डेंटिस्ट आणि डेंटर

९ जानेवारी

दवाखाना बंद करून आज नऊ दिवस झाले. अडतीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितल्यावर माणसाने पुढे कुठे बघावं, हा प्रश्न आहे. विचारणाऱ्यांना मी सांगतो, जागेचा करार संपला. करार अजून चार वर्षांचा होता. पण तो मी संपवला, म्हणजे संपलाच.

आज गॅरेजमधल्या गाडीवरची ताडपत्री काढली. गाडी सासऱ्यांची. ते गेल्यावर आमच्याकडे आली आणि सव्वीस वर्षं मुकाट उभी आहे. चार दरवाजे, गोल दिवे, पुढून माशासारखी. मूळचा रंग फिकट हिरवा असावा. आता तीन-चार रंग आहेत, त्यातला एक गंजाचा.

ही गाडी मी स्वतः नीट करणार आहे. इंजिनातलं मला कळत नाही, ते नंतर कोणीतरी बघेल. मी बाहेरचं, पत्र्याचं काम करणार. किडलेलं काढायचं, खड्डा साफ करायचा, भरायचं, घासून गुळगुळीत करायचं. यात मला नवीन असं काही दिसत नाही.

बायकोला सांगितलं. म्हणाली, "करा. हात चालू राहतील."

हात काय बंद पडलेत का?

१२ जानेवारी

डाव्या बाजूचा रंग काढायला सुरुवात केली. रंग काढायचं रसायन ब्रशने लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग रंगाला फोड येतात आणि तो पातीने खरवडून निघतो. समाधानकारक काम आहे.

बायको नाकाला रुमाल लावून दारात आली. "अहो, वास किती! वरच्या खोलीपर्यंत आलाय."

मला तर काहीच येत नव्हता. दुकानदाराने चांगल्या प्रतीचं दिलेलं दिसतंय. तिचं नाक पहिल्यापासून तिखट.

१५ जानेवारी

दुकानदाराच्या सांगण्यावरून लोहचुंबक आणला. पत्र्यावरून फिरवायचा. चिकटला तर खाली लोखंड आहे, घसरला तर खाली पुट्टी. डाव्या पुढच्या दरवाजावर चुंबक खालपर्यंत घसरत गेला आणि माझ्या पायावर पडला. म्हणजे दरवाजाचा खालचा अर्धा भाग पुट्टीचाच आहे. दाढेतली कीड तशीच ठेवून वरून सिमेंट थापावं, तसा प्रकार. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर त्याला मी दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं असतं.

ही नवी वही बाकी चांगली निघाली. जुन्या वहीत दिवसाला एक पान लागायचं. हिच्यात एका पानावर तीन दिवस मावतात.

१९ जानेवारी

सकाळी बायको म्हणाली, "दुपारी डेंटर येणारेत."

मी म्हटलं, "घरात मी असताना दुसरा डेंटिस्ट कशाला?"

"डेंटिस्ट नाही, डेंटर. पोचे काढणारे. बाबांची गाडी तेच बघायचे. नंबर शोधून फोन केला मी."

मी एकट्याने करणार आहे, हे तिला सांगून झालं होतं. पण आता बोलावलंच आहे तर बघून जाऊ दे, म्हटलं.

मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे आहेत. सडसडीत. स्वतःच्या हातोड्या जाड कापडात गुंडाळून आणल्या होत्या, जशी मी माझी हत्यारं ठेवायचो. आल्या आल्या त्यांनी एक मऊ फडकं तळहाताखाली धरलं, डोळे मिटले आणि गाडीवरून हात फिरवत पुढून मागपर्यंत गेले. मग दुसऱ्या बाजूने परत. पाच-सात मिनिटं हेच चाललं होतं.

"डोळ्यांना नाही दिसत," ते म्हणाले. "हाताला दिसतं."

हे मला पटलं. मी हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बघत राहिले.

"डॉक्टर, हातोडी उजव्या हातात नको. डाव्यात धरता येईल?"

"मी उजवा आहे."

"मग उजव्या हातात डॉली धरा." डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा. पत्र्याच्या आतून तो टेकवून धरायचा आणि बाहेरून हातोडीने ठोकायचं. "जड असते. धरलेला हात हलू देत नाही."

उजव्या माणसाने डाव्या हाताने ठोकायचं, ही यांच्या धंद्यातली काहीतरी पद्धत असेल. मी वाद घातला नाही.

चहा पिताना ते घोट उजव्या गालात घेत होते. डावी वरची पहिली दाढ. मुळाशी पू असणार, निदान सहा महिन्यांचा. मी काही बोललो नाही. आपलं दुखणं स्वतःहून सांगायला माणसाला वेळ लागतो. अडतीस वर्षांचा अनुभव आहे.

२६ जानेवारी

मिस्त्री आता एक दिवसाआड येतात. बघून जाणार होते.

मडगार्डचा एक पोचा आज काढला. एवढासा, बशीएवढा. चार तास लागले. पत्रा एकदा वाकला की त्याला तेच बरं वाटू लागतं. जोरात ठोकलं तर तो ताणतो आणि दुसरीकडे फुगतो. हळूहळू, कडेकडेने आत यायचं. नीट बसला की आवाज बदलतो. आधी डबा वाजल्यासारखा येतो, मग एकदम घट्ट, टणक. तो आवाज आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन बायकोला बोलावून आणलं. तिला परत वाजवून दाखवलं. मिस्त्री म्हणाले, "आता पुरे. परत बिघडेल."

३ फेब्रुवारी

घरातल्या कप-बशा कुठे गेल्या? आज बघतो तर कपाटात सगळे जाड मग. त्यातही चहा अर्धाच. मी विचारलं, चहाची टंचाई आहे का? बायको म्हणाली, "हवा तर परत घ्या ना." मी परत घेतला. तोही अर्धाच.

शर्टांचंही काहीतरी झालंय. वाढदिवसाला तिने मला तीन टी-शर्ट दिले. या वयात.

८ फेब्रुवारी

आज डाव्या दरवाजाची पुट्टी खरवडली. बोटभर जाड थर. खाली पत्रा नव्हताच, जाळी होती. हात लावला की तुकडे पडत होते. मला संताप आला.

"कोणत्या गाढवाने भरलंय हे?"

मिस्त्री खाली बसून खरवडत होते. वर न बघता म्हणाले, "मी."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"एकतीस वर्षं झाली," ते म्हणाले. "साहेबांनी गाडी खांबाला घासली होती. दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचं होतं. आत गंज आहे, हे मी बघितलं होतं. कापून नवा पत्रा लावायचा तर तीन दिवस लागले असते. साहेब दारात उभे. मी वरून भरलं, रंग मारला."

"सहा महिन्यांत फुगलं असेल."

"पाच. साहेब गाडी घेऊन आले. मी म्हटलं, तुमच्या गाडीचा पत्राच हलका आहे."

सासऱ्यांचं हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. 'गाडी उत्तम, पण पत्रा हलका.' जेवताना, पाहुण्यांसमोर, दवाखान्याच्या दहाव्या वर्धापनदिनाला. खरं तर मीसुद्धा ते लोकांना सांगितलं आहे.

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"आणि हे इतकं सहज सांगताय?"

"आता मी काय सांगायचं?" त्यांनी हातातला गंजका तुकडा जमिनीवर ठेवला. "पत्राच सांगतोय."

थोडा वेळ खरवडून झाल्यावर म्हणाले, "साहेबांना सांगायचं राहून गेलं. बाईंचा फोन आला तेव्हा वाटलं, गाडी तरी आहे अजून."

९ फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जात नाही. मिस्त्री चांगला माणूस आहे, पण त्यांनी केलं ते चूकच. स्वतःच्या हाताचा दोष दुसऱ्यावर ढकलणं मला कधीच जमलं नसतं.

या संदर्भात एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण उगाच गैरसमज नको. नोव्हेंबरात ग्रंथालयाच्या बाई दाढेवर टोपी बसवून घ्यायला आल्या होत्या. ग्रंथपाल आहेत त्या, पन्नाशीच्या, आमच्या नेहमीच्या. दाढ घासताना ड्रिल सटकलं आणि जिभेची कड कापली गेली. चार टाके पडले. बाई हलल्या. मी त्यांना तेव्हाच तसं सांगितलं, "बाई, तुम्ही हललात." त्या काही बोलल्या नाहीत. तोंडात आपली हत्यारं असताना पेशंट वाद घालत नाही, या धंद्याचा तेवढा एक फायदा आहे. कार्डावरही मी लिहिलं, 'रुग्णाने अचानक हालचाल केली.' पुढच्या आठवड्यात टाके बघायला आल्या तेव्हा त्या स्वतःहून म्हणाल्या, "सॉरी हं डॉक्टर, माझ्यामुळे तुम्हाला त्रास."

म्हणजे झालंच.

जागेचा करार संपवण्याशी याचा काही संबंध नाही. ते डिसेंबरातलं.

१८ फेब्रुवारी

मुलगी दोन दिवस येऊन गेली. ती दुसऱ्या शहरात एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. रजा मिळत नाही म्हणून एरवी रडत असते, यावेळी मात्र न सांगता आली. गाडी बघायला आले म्हणाली. मला फार बरं वाटलं.

तिला कामात इतका रस असेल असं वाटलं नव्हतं. गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मला चालायला लावलं. "परत या, बाबा. आता वळा." फरशी कुठे खचली आहे का, ते बघत असावी. मग म्हणाली, अंगठा आणि बोट भराभर जुळवून दाखवा. मी म्हटलं, चिमटा धरायची पकड अशीच असते, आणि तिला समजावून सांगितलं. तिने माझं मनगट धरून कोपरातून हात वरखाली केला. शेवटी माझ्याकडून कागदावर गोल गोल गोगलगाय काढून घेतली आणि कागद पर्समध्ये ठेवला. लहानपणी मी तिची चित्रं ठेवायचो.

निघताना एका डॉक्टरांचं नाव आणि फोन लिहून दिला. "बाबा, एकदा भेटाल? माझ्यासाठी."

"कशासाठी?"

"त्यांनाही जुन्या गाड्या आवडतात."

ती खोटं बोलताना डावी भुवई उचलते, हे मला ती चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे. चिठ्ठी घेतली आणि हातोड्यांच्या खोक्यात ठेवली.

२७ फेब्रुवारी

दरवाजाचा खालचा भाग कापून टाकला. नवा पत्रा मिस्त्रींनी वेल्ड केला. वेल्डिंगच्या उष्णतेने दरवाजा मध्ये लाटेसारखा झाला होता, तो सपाट करायचं काम माझं. मिस्त्री म्हणाले, मी करतो. मी म्हटलं, नाही, हा दरवाजा माझा. या गाडीत एक तरी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मी केलेली असली पाहिजे.

मिस्त्री आज बिस्किटं चहात बुडवून, पूर्ण विरघळल्यावर पीत होते.

५ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

मिस्त्री साडेदहाला आले. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेलेला. खोक्यावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, काढा."

मी म्हटलं, "मी आता करत नाही. माझ्या दवाखान्याची जागा आता एका डॉक्टरणीने घेतलीय, माझ्याच हाताखाली शिकलीय ती. तिच्याकडे नेतो."

"दुसऱ्या कोणाला तोंड दाखवणार नाही. तुम्हीच काढा."

खरं सांगायचं तर मला हेच ऐकायचं होतं. माझी हत्यारं गॅरेजच्या फळीवर दोन खोक्यांत आहेत. सगळी आहेत, भूल द्यायच्या औषधासकट. मी ती स्वयंपाकघरात नेली आणि कुकरमध्ये उकळायला लावली. बायको भाजी चिरत होती. तिने कुकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अहो, नक्की?"

"अडतीस वर्षं हेच केलंय मी."

शिट्या झाल्यावर तिने गॅस बंद केला आणि माझ्या मागोमाग येऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली.

गाडीची पुढची सीट आम्ही काढून भिंतीशी ठेवली होती. मिस्त्री तिच्यावर मागे रेलले आणि तोंड उघडलं. मी दिवा ओढून घेतला. डाव्या हातात आरसा, उजव्यात सळई. वरची डावी पहिली दाढ. निदान अचूक होतं. हिरडी फुगलेली, दाढ जवळजवळ सुटलेली. सोपं काम, मी ते पाच मिनिटांत करत असे.

सळई दातांवर वाजू लागली. टिकटिक, टिकटिक. आधी मला वाटलं, बाहेर कोणीतरी काही ठोकतंय.

सळई ठेवून मी सुई उचलली. सुईच्या टोकाकडे बघितलं. टोक एका जागी नव्हतं. एकदा हिरडीसमोर, एकदा गालासमोर, एकदा जिभेसमोर. मी श्वास रोखला, कोपर छातीला टेकवलं, मनगट त्यांच्या हनुवटीवर टेकवलं. सगळ्या युक्त्या केल्या. या युक्त्या मी गेलं वर्षभर करत होतो, हे मला आज लिहितानाच लक्षात येतंय.

मिस्त्रींचे डोळे उघडे होते. त्यांना सुई दिसत होती. ते हलले नाहीत. मी मुद्दाम बघितलं. मान नाही, जीभ नाही, पापणीसुद्धा नाही. इतका स्थिर बसलेला माणूस मी अडतीस वर्षांत बघितला नाही.

मग त्यांनी हात वर केला आणि माझं मनगट धरलं. पत्रा धरतात तसं, न दाबता. हात थांबला. थोड्या वेळाने त्यांनी सोडलं. हात परत सुरू झाला.

मी सुईला टोपण लावलं. तेही तिसऱ्यांदा लागलं.

"माझ्याने होणार नाही," मी म्हटलं. "माझा हात हलतो."

त्यांचं तोंड उघडंच होतं. मी म्हटलं, मिटा. त्यांनी मिटलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशीच."

"मग तोंड कशाला उघडलंत?"

"दाढ खरंच दुखतेय, डॉक्टर."

दारातून बायको म्हणाली, "चला, मी सोडते तुम्हाला दोघांना."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी अकरा मिनिटांत दाढ काढली. मिस्त्री निमूट आत गेले. मी बाहेर पेशंटांच्या खुर्चीवर बसलो, आयुष्यात पहिल्यांदाच. फार वाईट खुर्च्या आहेत. पाठ टेकवली की पाय उचलले जातात. अडतीस वर्षं लोक काही बोलले कसे नाहीत?

शेजारी बायको होती. मी म्हटलं, "माझा हात हलतो."

"हो."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा बोलले. एकदा तुम्ही म्हणालात पेन खराब आहे. एकदा म्हणालात कप गरम आहे. तिसऱ्यांदा म्हणालात, टेबल हलतंय. मी सुताराला बोलावून टेबल दाखवलं. तो म्हणाला, टेबलाला काही झालेलं नाही. तुम्ही म्हणालात, सुतार बदल."

मला यातलं फक्त सुताराचं आठवतं.

बोलायला लागलोच होतो, म्हणून मी म्हटलं, "आणि ग्रंथपाल बाई हलल्या नव्हत्या."

हे मात्र तिला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही. उठली आणि एक खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

८ मार्च

बायको कामापुरतं बोलते. आज सकाळी चहाचा मग समोर ठेवताना म्हणाली, "सांगितलंत ग्रंथपाल बाईंना?"

मी म्हटलं, आधी गाडीचं एवढं होऊ दे.

"गाडी सव्वीस वर्षं उभी आहे," ती म्हणाली. "तिला घाई नाही."

१४ मार्च

मुलीने लिहून दिलेल्या डॉक्टरांकडे गेलो. बायको बरोबर होती. त्यांनीही मला चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठा-बोट जुळवायला लावलं, गोगलगाय काढायला लावली. आमच्या गॅरेजची फरशी एकदम समतल आहे, हे आता मला माहीत आहे.

पार्किन्सन्स. मी स्वतः कॉलेजात हा धडा वाचला आहे. कंप, आखडणं, अक्षर बारीक होणं. डॉक्टरांनी विचारलं, वास येतो का? मी म्हटलं, उत्तम येतो. बायको म्हणाली, "त्यांना रंग काढायच्या रसायनाचा वास येत नाही, डॉक्टर." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

गोळ्या दिल्या आहेत. पुष्कळ वर्षं चांगली जातात, म्हणाले. पेशंटांना मी हेच वाक्य दातांबद्दल सांगायचो, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. त्यांना जुन्या गाड्यांबद्दल विचारलं. त्यांच्याकडे स्कूटर आहे.

परत येताना बायकोने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि दहा मिनिटं रडली. मी हात धरला. कोणता धरावा याचा आधी विचार केला आणि मग उजवाच पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. बराच वेळ तो तिथे थांबला होता.

१५ मार्च

मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "औषध आहे ना? मग झालं." आणि मला बॉनेट घासायला दिलं. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, दोन्ही हातांनी. "दोन हात असले की एकाचं चालत नाही," म्हणाले.

त्यांचा गाल उतरला आहे. बिस्किट न बुडवता खाल्लं. डाव्या बाजूने.

३० मार्च

गोळ्यांनी फरक आहे. आज बटणांचा शर्ट घातला. सात बटणं, नऊ मिनिटं.

ग्रंथालयाच्या दारापर्यंत मंगळवारी गेलो होतो. आत गर्दी होती. शुक्रवारी परत गेलो. गर्दी नव्हती, म्हणून बरं दिसलं नाही. परत आलो. बायकोने विचारलं नाही.

६ एप्रिल

गाडीला प्रायमर मारून झाला. करडा रंग, एकसारखा. लांबून बघितलं तर गाडी नुकतीच जन्मल्यासारखी दिसते. रंगाआधीची शेवटची परीक्षा म्हणजे मिस्त्री वरून काळ्या रंगाचा हलका फवारा मारतात आणि मग ठोकळ्याने घासतात. सपाट असेल तिथे काळं सारखं निघून जातं. खोल असेल तिथे राहतं.

सगळी गाडी स्वच्छ निघाली. डाव्या पुढच्या दरवाजावर मात्र काळे पट्टे राहिले. एकाखाली एक, सात-आठ. वाळूवर लाटा उमटतात तसे. माझा दरवाजा. मी डाव्या हाताने ठोकत होतो तेव्हा उजव्या हातातली डॉली आत काय करत होती, ते सगळं त्याच्यावर लिहिलेलं होतं.

मिस्त्रींनी पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला. म्हणाले, "वरून पातळ पुट्टी ओढली तर झाकलं जाईल. रंगाखाली कोणाला कळणार नाही. चारेक वर्षं तर नक्कीच."

ते माझ्याकडे बघत नव्हते. फडकं घडी करत होते.

मी म्हटलं, "नको. पत्र्यापर्यंत काढा. परत ठोका. तुम्ही ठोका."

त्यांनी मान हलवली आणि हातोडी घेतली. मी आत जाऊन कपडे बदलले.

६ एप्रिल, संध्याकाळ

आज शनिवार, ग्रंथालय दुपारी बंद होतं. बाईंच्या घराचा पत्ता जुन्या कार्डावर होता. त्याच कार्डावर मी ते वाक्यही लिहिलं होतं, 'रुग्णाने अचानक हालचाल केली.' कार्ड खिशात घालून गेलो. दुसरा मजला.

दार बाईंनीच उघडलं. "अय्या, डॉक्टर तुम्ही!" त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो, कारण बसल्यावर आधी हवापाण्याचं बोलावं लागतं.

मी म्हटलं, "नोव्हेंबरात तुमची जीभ कापली गेली तेव्हा तुम्ही हलला नव्हतात. माझा हात हलला. मला आजार आहे. तेव्हा त्याचं नाव माहीत नव्हतं, पण हात हलतो हे माहीत होतं. तरी मी तुम्हाला खुर्चीत बसवलं, आणि नंतर तुमच्यावर ढकललं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या हसतील किंवा ओरडतील, दोन्हीची मी तयारी केली होती. त्या खुर्चीवर बसल्या.

"मी हलले नव्हते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तुम्ही अजिबात हलला नव्हतात."

"मी नवीन डॉक्टरांकडे गेले होते परवा," त्या म्हणाल्या. "खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की माझी नखं वळली. त्यांनी विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, मला हलायची सवय आहे, म्हणून धरून बसते." मग त्यांचा आवाज चढला. "पाच महिने, डॉक्टर! मुलांना गोष्ट वाचून दाखवताना एक शब्द अडखळला तरी मला वाटायचं, माझ्याच चुकीने. तुमची माफीसुद्धा मागितली मी!"

"हो," मी म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. ते वाक्य मी निघण्याआधी खोडलं होतं आणि खाली खरं काय ते लिहिलं होतं, बारीक अक्षरात. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"तुम्ही माझ्याबरोबर आत या," त्या उठून म्हणाल्या. "माझी आई आत आहे. ती रोज मला बोलते. लहानपणापासून तुझं हे असंच, एका जागी म्हणून बसत नाहीस, त्या डॉक्टरांना किती ताप दिलास. तिला सांगा."

आतल्या खोलीत पलंगावर त्यांची आई बसली होती. नव्वदीच्या आसपास. मी जवळ जाऊन सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही."

मी मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली. "काय म्हणतायत हे?"

"आणखी मोठ्याने, डॉक्टर."

मी आयुष्यभर हळू बोललो आहे. लोक तोंड उघडून घाबरून बसलेले असतात, त्यांच्याशी हळूच बोलावं लागतं. मी छाती भरून घेतली आणि ओरडलो, "तुमची मुलगी हलली नव्हती! माझा हात हलला! मी खोटं बोललो!"

खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ बंद केला. समोरच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबून आमच्या खिडकीकडे बघू लागली.

आजींनी मुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं.

"मग इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

मी ओरडून सांगितलं, "गाडीचे पोचे काढत होतो!"

"झाले का काढून?"

"एक दरवाजा राहिलाय!"